महाभंजकाचे कारागीर

आमच्या घरात काळजी करायचं काम वाटून घेतलेलं होतं. माय शरीराची काळजी करी: कोण जेवलं, कोणाचा ताप उतरला, विहिरीच्या काठावरून कोणी वाकून बघत तर नाही ना. बाबा वागण्याची काळजी करत. ते शाळामास्तर होते आणि आसेगावच्या विहारात वंदना घेत, जीवहत्या न करण्याच्या पहिल्या शीलापासून पाचही शीलं लोकांना देत, त्यामुळे निम्म्या गावाच्या वागण्याचा भार आपल्याच डोक्यावर आहे असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे. मिलिंददादा कशाचीच काळजी करत नसे, आणि त्याच्या वाटणीची मी करायचे. मी जन्माची भित्री. वीज चमकली की पोतं पांघरून मोरीत जाऊन बसायची. आता साठी उलटली, तरी नातीचा फोन लागला नाही की मी दर पाच मिनिटांनी पुन्हा लावत बसते. ती म्हणते, आजी, तू काळजी करायचे क्लास काढ, धो धो चालतील. चालतीलही कदाचित.

आणि तरी एक अख्खा ग्रह फोडणारं यंत्र त्या घरात बनवलं ते मीच. शाळेच्या कपाटात जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा होता, अर्ध्यांची पानं वाळवीनं खाल्लेली. त्यात विज्ञानकथा असत. त्यांतली माणसं गार, चकचकीत खोल्यांत बसून मोठमोठी वाक्यं बोलत आणि शेवटी एखादा ग्रह नाहीसा होई, तोही बहुधा एकाच ओळीत. ती ओळ वाचली की माझा जीव घाबरा होई. तिथल्या विहिरी, बाजार, शाळेची घंटा, सगळं एका ओळीत संपतं म्हणजे काय? ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याच मागं लागायचं, ही माझी जुनी खोड. म्हणून दहावीच्या वर्षी मीच एक कथा लिहायला घेतली. वज्रकेतू नावाचा सम्राट, शामला नावाचा हिरवागार ग्रह, तिथले लोक सम्राटापुढं वाकत नाहीत, आणि त्यांना धडा शिकवायला वज्रकेतूनं बांधायला घेतलेलं यंत्र, महाभंजक. हे नाव सुचलं त्या दिवशी मी एवढी हुरळले होते की मायनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथ वाचला जाई. अजूनही जातो. माणसं वावरातून येत, हातपाय धुऊन बसत. बाया पांढरी लुगडी नेसून एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. टिनावर पाऊस धडधडायला लागला की बाबांना वाचन थांबवावं लागे, आणि मग सगळे तो थांबायची वाट बघत. ओल्या घोंगड्यांचा, मेणबत्तीचा आणि दाराशी सोडलेल्या चपलांच्या चिखलाचा असा मिळून एक वास असे. बाबांनी तिथं एक पद्धत पाडली होती. ग्रंथाचं वाचन झालं की शाळेत जाणाऱ्या एका लेकरानं उठून स्वतः लिहिलेलं काहीतरी वाचायचं. आपल्या बापजाद्यांना चार माणसांत तोंड उघडू दिलं नव्हतं, लेकरांनी तरी उघडावं, इतकाच हेतू. बहुतेक जण गाईवर निबंध वाचत. त्या वर्षी मी महाभंजक वाचायला घेतला, रोज एक तुकडा. पहिल्याच दिवशी बाबांच्या कपाळाला आठी पडली.

"विहारात लढाई कायले आणली, सुजाता?" ते म्हणाले.

"वाचू द्या ना गुरुजी," गयामाय म्हणाली. "गाईचं आयकून आयकून कान किटले आमचे." गयामाय ही विहाराची झाडलोट आणि मेणबत्त्या सांभाळणारी म्हातारी. तिचं भांडण झालं नाही असं घर आमच्या वस्तीत नव्हतं, आणि तिच्यापुढं बाबांचंही चालत नसे.

कथेतली यांत्रिक बाजू मी दादाकडून तपासून घेई. तो आयटीआय झालेला फिटर होता आणि काम मिळेना म्हणून एसटीच्या अड्ड्यावरच्या एका दुकानात डिझेल इंजिनं खोलायचा. संध्याकाळी घरी आला की अंगणात दगडावर बसून रॉकेलच्या चिंधीनं हात पुशी. आत मायच्या भाकरी थापण्याचा आवाज, ओलं लाकूड पेटेना म्हणून फुंकणीचा आवाज, आणि मधेमधे तिचं स्वतःशीच बोलणं. मी त्याच्यासमोर उभी राहून वाचायची. महाभंजकातून किरण निघतो आणि पापणी लवायच्या आत शामलेची राख होते, असं मी लिहिलं होतं. दादानं चिंधी खाली ठेवली.

"राख कुठं गेली मंग?"

"अंतराळात."

"कायले जाईन? ढेकूळ फोडलं त वावरातच पडते ना. ग्रह फोडला त त्याचे तुकडे एकमेकायले ओढतीन अन् पुन्हा गोळा होतीन. पुरा फोडाचा असला त एकेक ढेकूळ उचलून इतकं दूर फेका लागते का थे वापस येऊ नये. तुह्या वज्रकेतूले सूर्यच जुंपा लागन गाड्याले." मी हिरमुसले, पण त्याला आता रंग चढला होता. "अन् एवढी ताकद ज्याच्यापाशी हाय, त्याले फोडाची गरज काय? कोण उभं राह्यते त्याच्यापुढं?"

"धाक बसवायला," मी म्हटलं.

"धाकाले एक गाव पुरते. सगळेच मेले त धाक कोणाले बसन?"

आतून माय म्हणाली, "अन् जमीनच नाई राह्यली त तो पेरीन कुठं? जिंकून करते काय मेला?" तिला वज्रकेतूचा मनापासून राग होता. त्याची बायको त्याला जेवायला तरी कशी वाढते, असं तिनं मला दोनदा विचारलं.

अलीकडं नातीनं तिच्या लॅपटॉपवर एक सिनेमा दाखवला. त्यात असाच एक ग्रह गेला, आवाजासकट. पुढच्या क्षणी दुसरीच माणसं कुठंतरी बसून विनोद करत होती. मी तिला म्हटलं, थांब, ते सगळे मेले ना आत्ता? ती म्हणाली, हो, पण त्यांना आपण ओळखत नव्हतो. मधे कधीतरी मी हेही वाचलं की पृथ्वीएवढा ग्रह पुरता विखरून टाकायचा तर सूर्याचा जवळजवळ आठवडाभराचा सगळा उजेड लागेल. सूर्य जुंपायचं दादानं चेष्टेत म्हटलं होतं. मी त्याला फोन करून सांगितलं तेव्हा तो पुष्कळ वेळ हसला.

त्या दहावीच्या वर्षी, श्रावणात, दादाला नोकरीचं बोलावणं आलं. कारखाना सरकारी, दारूगोळ्याचा. रेल्वेनं पार तिकडं पूर्वेला. वस्तीत बातमी पसरली आणि लोक येऊन दादाच्या पाठीवर थाप मारून जाऊ लागले, कारण सरकारी नोकरी म्हणजे सरकारी नोकरी. पण आमच्या घरात कोणी साखर वाटली नाही. मायला केनवडचा एक पाहुणा भेटला होता, त्याचा जावई तिथं कामाला. तो सांगून गेला की तिथं सुटीच्या वेळेला भोंगा होतो, आणि मधेच कधी भोंगा झाला की अपघात झाला समजून वसाहतीतल्या बाया हातातलं टाकून फाटकाकडं पळतात. माय त्या दिवसापासून भाकरी करता करता थांबे आणि कान देऊन काहीतरी ऐके. आमच्या गावात कसला भोंगा? पण मलाही तो ऐकू यायला लागला. गिरणीचा पट्टा घसरला तरी माझ्या हातून पाणी सांडे.

बाबांची धास्ती वेगळी होती, आणि ती त्यांनी बोलून दाखवली नाही म्हणून जास्त कठीण होती. ग्रंथ ओळीनं वाचला जाई, कोणाच्या सोयीनं नाही. त्या आठवड्यात नेमका सम्यक आजीविकेचा भाग आला. उपासकानं कोणते धंदे करू नयेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा, विषाचा. शस्त्रांचं नाव सगळ्यांत पहिलं. बाबा ती ओळ वाचताना थांबले, तांब्यातलं पाणी प्याले, आणि मग गाळली असं कोणी म्हणू नये म्हणून तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. विहारात कोणी कोणाकडं बघितलं नाही. दादा नेहमीप्रमाणे दाराशी बसला होता. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला आणि दोघांसाठीही रडू आलं. आणि मग नेहमीसारखं उठून मला माझा तुकडा वाचायचा होता, ज्यात महाभंजकाचं बांधकाम जोरात चालू होतं.

मी वाचून संपवल्यावर गयामायनं विचारलं, "का वं सुजे, एवढं मोठं यंत्र त्या वज्रकेतूनं एकट्यानं बनवलं काय?"

"नाही, हजारो कारागीर आहेत ना त्याच्याकडं," मी म्हटलं.

"मंग त्यायचं काई सांगतच नाई तू. त्यायले लेकरंबाळं असतीन. त्यायले माईत होतं काय, आपुन काय बनवून राह्यलो थे?"

अंकांतल्या कुठल्याच कथेत कारागीर नव्हते. यंत्र आपोआप उभं असे आणि सम्राट फक्त खटका दाबे. गयामायनं कोणाला टोचायला विचारलं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण सगळ्या माना हळूहळू दाराकडं वळल्या. दादा खाली बघून नखातलं काळं काढत होता. बाबांनी घाईनं शेवटची गाथा सुरू केली.

त्या रात्रीच्या जेवणात आंबाडीची भाजी होती, वर जवसाचं तेल, आणि ताटं तशीच होती. शेवटी दादाच बोलला. "बाबा, मी नाई गेलो त त्या जागेवर दुसरा जाईन. कारखाना काई बंद नाई होणार."

"दुसऱ्याच्या शीलाचा हिसोब मले कायले देतं?" बाबा म्हणाले. घरात ते कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

"अन् सरहद्दीवर आपलेच पोरं उभे हायेत. त्यायच्या हाती काय देता, मेणबत्त्या?"

बाबांनी ताट बाजूला सारलं. "थे बी खरं हाय," ते म्हणाले. "म्हणून त मले झोप नाई येऊन राह्यली. मी तुले जा म्हणू शकत नाई, अन् नोको जाऊ बी म्हणू शकत नाई."

"दोघं बी जेवा," माय म्हणाली. "धरलं त चावते, सोडलं त पळते. पयले जेवा." आणि तिनं दादाच्या ताटात न विचारता अजून एक भाकर टाकली.

मी ठरवलं की यातून सगळ्यांना सोडवायचं. पंधरा-सोळाव्या वर्षी असं वाटतं, की आपण नीट लिहिलं तर घरातलं भांडण मिटेल. कथेचा शेवट मी बदलला. वज्रकेतूच्या कारागिरांत एक तरुण फिटर आणला. त्याला शेवटच्या दिवशी कळतं की हे यंत्र कशासाठी आहे. तो कोणाला काही बोलत नाही, फक्त मुख्य नळीचा एक बोल्ट ढिला ठेवतो. सम्राट खटका दाबतो, यंत्र फुसकं निघतं, शामला वाचते, कारागीर घरी जातो. त्याचं शीलही राहिलं आणि नोकरीही. बाबा आणि दादा दोघंही खूश होतील, असा मला भरवसा होता. जायच्या आदल्या दिवशी दादा अंगणात ट्रंकेला रंग देत होता, तेव्हा मी त्याला तो शेवट वाचून दाखवला.

तो हसला नाही. कुंचला डब्यात ठेवून त्यानं मला जवळ बसवलं.

"सुजे, एवढ्या ताकदीच्या मशिनीत बोल्ट ढिला राह्यला त थे फुसकं नाई निघत. थे जाग्यावर फुटते. ग्रह दूर असते. कारागीर जवळ असते." त्यानं ट्रंकेवर ओघळलेला रंग बोटानं पुसला. "इंजिनाचा बोल्ट ढिला राह्यला त मालक नाई मरत कधी. पाना धरणारा मरते."

मी त्याला विचारलं, तुझ्या कारखान्यातही असंच असतं का. तो म्हणाला, तिथं तर सगळ्यात जास्त. आणि लगेच म्हणाला, मायले नोको सांगू.

मी नाही सांगितलं. पण दिवसभर ते माझ्या डोक्यातून हलेना. मी नव्या मुगाचं पीठ वाटत होते, माय चुलीवर त्याचे वडे तळत होती, दादाबरोबर द्यायच्या दशम्या फडक्यात गार होत होत्या, आणि माझ्या डोळ्यांपुढं तो नळीचा बोल्ट. मी माझ्या हातानं तो ढिला केला होता. कागदावर केला होता, हे मला कळत होतं. पण भित्र्या माणसाला कागद आणि खरं यांत फार अंतर वाटत नाही. दादा उद्या सकाळी तिथं जाणार, आणि आज संध्याकाळी मी चारचौघांत, बुद्धाच्या मूर्तीसमोर, एका फिटरच्या हातून बोल्ट ढिला ठेववणार. अपशकुन वगैरे आम्ही मानत नाही, बाबांनी ते सगळं आमच्या घरातून केव्हाच घालवलं होतं. तरी पीठ वाटता वाटता मी दोनदा उठून दादाची ट्रंक बघून आले.

त्या संध्याकाळी विहार भरलेला होता. दादा जाणार म्हणून आणि महाभंजकाचं काय होतं ते ऐकायचं म्हणून. माय पुढं येऊन गयामायशेजारी बसली होती, एरवी ती मागं बसे. दादा दाराशी. मी उभी राहिले, वज्रकेतू, त्याचं सिंहासन, खाली राबणारे कारागीर, त्यांतला तो तरुण, सगळं वाचलं. त्याला सत्य कळतं तिथवर आले. पुढच्या पानावर बोल्ट होता. मी पान उलटलं, पण त्यावरचं वाचलं नाही.

"त्यानं बोल्ट घट्ट बसवला," मी म्हटलं. "पुन्हा एकदा तपासला. मग पाना पुसून ठेवला आणि घरी गेला. सम्राटानं खटका दाबला आणि शामला फुटली."

मग गयामाय म्हणाली, "सगळी?"

"सगळी."

"लेकरं बी?"

मी मान हलवली. एवढ्या दिवसांत लोकांनी शामलेवरच्या नद्या, बाजार, म्हशीसुद्धा आपल्या करून टाकल्या होत्या. मागं कोणाचंतरी पोर रडायला लागलं. बाबा मूर्तीच्या बाजूला बसले होते, त्यांनी ग्रंथावरचा हात काढला आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "काहून, सुजाता? त्याले त माईत झालं होतं ना?"

"तो घरी यायला पाहिजे होता, बाबा," मी म्हटलं, आणि मला हुंदका आवरेना.

बाबा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी दाराकडं बघितलं. मला वाटलं ते काही समजावून सांगतील, सांगणं हाच त्यांचा धर्म. त्यांनी नुसतं बसायची खूण केली आणि गाथा म्हणायला सुरुवात केली; पण दुसऱ्याच ओळीला त्यांचा आवाज गेला आणि ती गयामायनं पुरी केली. लोक साधू साधू साधू म्हणाले, उठले, चपला शोधू लागले. मायनं मला जवळ घेतलं. तिला सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे मी तिला पुढं कधी विचारलं नाही.

एवढ्या वर्षांत मी पुष्कळ विचार केला आहे. फोडलेल्या ग्रहांच्या कथांत एक राक्षस असतो आणि एक शूर असतो, आणि वाचणारा शूराच्या बाजूनं असतो. पण असलं यंत्र खरंच कोणी कधी बांधलं, तर ते राक्षसाच्या जोरावर उभं राहणार नाही. ते उभं राहील हजारो घरांतल्या मायांच्या, बायकांच्या, बहिणींच्या जोरावर, ज्यांचं एवढंच मागणं असेल की आपला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी यावा, त्यानं काम चोख करावं, बोल्ट ढिला ठेवू नये. मी त्यांतली एक आहे. याचं मला बरं वाटत नाही. पण आज कोणी मला पुन्हा त्या विहारात उभं केलं, तर दुसरं काही वाचता येईल असंही वाटत नाही.

सकाळी पाऊस नव्हता. दादाला मंगरूळ, कारंजा करत बडनेऱ्याला जाऊन रेल्वे धरायची होती. माय घरातूनच निरोप देणार म्हणाली आणि मग पदर खोचून आमच्या मागं निघालीच. बाबांनी जा किंवा नको, यांतलं काहीच अजून म्हटलं नव्हतं. वाटेभर ते ट्रंकेची एक कडी धरून चालले, दुसरी दादानं धरलेली, आणि दोघं पावसापाण्याचं बोलत होते. एसटी आली. दादानं ट्रंक टपावर चढवली, बाबांच्या पाया पडायला वाकला, बाबांनी नेहमीप्रमाणे त्याला मधेच धरून उभं केलं. पाया पडू देत नसत ते कोणाला. त्याचे खांदे त्यांनी सोडले नाहीत. कंडक्टरनं घंटी दिली तरी सोडले नाहीत.

"काम बराबर करजो," विहारात पहिलं शील देणारे माझे बाबा म्हणाले. "काई ढिलं ठेवजो नोको."